वाहन अज्ञात, सायकल ओळखीची

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळींची एक बातमी अधूनमधून येतेच, 'अज्ञात वाहनाच्या धडकेत सायकलस्वार जखमी', कधी जखमीच्या जागी ठार. आपण सगळे ती वाचतो, अरेरे म्हणतो आणि पान उलटतो. मी पण उलटतो. पण साहेब, वाहन अज्ञात असलं तरी सायकल अज्ञात नसते. ती आठ-पंधरा दिवसांनी माझ्याकडे येते. घरातलं कोणीतरी वाकडं चाक उचलून धरत, अर्धी ओढत अर्धी ढकलत आणतं आणि विचारतं, मिस्तरी बघा हो हिचं काही होईल का.

मी धुळ्यात देवपूरला सायकल मिस्तरी आहे, धंदा वडिलांपासूनचा. आता पोट मोटरसायकलींवरच चालतं ते खरं, पण बोर्डावर अजून 'सायकल मार्ट' आहे आणि सकाळी सातला पहिलं गिऱ्हाईक येतं ते हवा भरायलाच येतं. एवढी वर्षं झाली, आता सायकल बघितली की काय घडलं असेल ते विचारावं लागत नाही. पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, मागे वाकलाय म्हणजे समोर कशावर तरी धडकली, उभ्या कारचं दार एकदम उघडलं नाहीतर खड्ड्यात चाक गेलं. मागच्या रिमचा आठचा आकडा झालाय म्हणजे मागून ठोकलं. आणि हँडलची डावी मूठ फाटलीय, डावं पायडल घासलंय, बाकी सगळं धड, म्हणजे कोणीतरी भरधाव कट मारून गेला आणि पोरगं घाबरून डावीकडे खडीत नाहीतर गटारीत पडलं. हे तिसरं सगळ्यात जास्त. त्याची कुठेच नोंद होत नाही, कारण कोणी कोणाला लागलेलंच नसतं. गुडघा फुटतो, युनिफॉर्म फाटतो, घरी मार बसतो, संपलं.

पत्र लिहायचं कारण असं की नकाणे रोडच्या बाजूने आत ज्या नव्या कॉलन्या झाल्यात तिथून शाळा-कॉलेजांकडे येणारा आमचा जो रस्ता आहे त्याच्या कडेने वेगळा सायकल ट्रॅक आणि सलग फुटपाथ व्हावा, आणि शाळेपाशी गाड्यांचा वेग कमी व्हावा, म्हणून आम्ही रहिवाशांनी सह्या गोळा करायला घेतल्यात. कागद एवढे झाले की स्टेपलर लागेना, शेवटी दाभण घेऊन दोऱ्याने शिवले. आणि आम्हाला सारखं एकच ऐकायला मिळतंय की लोकांना हे नकोय, हे चार हौशी लोकांचं खूळ आहे, हेल्मेट घालून रविवारी लळिंगच्या किल्ल्यापर्यंत जाऊन फोटो टाकणाऱ्यांचं. त्या मंडळींबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यांच्या गिअरवाल्या सायकली मीच सर्व्हिसिंग करतो आणि पैसे पण बरे मिळतात. पण ट्रॅक त्यांच्यासाठी मागत नाहीये. ते हायवेवर पण जातील, त्यांच्याकडे लाल लाइट आहे, आरसा आहे, पन्नास हजाराची सायकल आहे. ट्रॅक पाहिजे तो आत्ता, आज, ह्याच रस्त्यावर सायकल चालवणाऱ्यांना.

ते कोण, तर बघा. मी एक दिवस सकाळी दुकानासमोर स्टूल टाकून वही घेऊन बसलो, सायकल गेली की उभी रेघ, पाच झाल्या की आडवी, ढोर मोजल्यासारखं. दोन पानं भरली चहा यायच्या आत. आठवी ते बारावीच्या पोरी, त्यातल्या बऱ्याच बाजूच्या खेड्यांवरून येणाऱ्या, सरकारच्या मानव विकास योजनेत मिळालेल्या सायकलींवर. दूधवाले, दोन्ही बाजूला कॅन लटकवलेले. एमआयडीसीत ड्युटीला जाणारे, डबा हँडलला. गवंड्याच्या हाताखालचे लोक, कॅरिअरला थापी आणि ओळंबा. भांडी-धुणं करणाऱ्या बाया, ह्या पूर्वी पायी जायच्या, आता जुनी सायकल घेऊन शिकल्यात आणि त्यांना तीन घरांच्या ऐवजी पाच घरं होतात. फिरून केळी विकणारा एक म्हातारा, त्याच्या सायकलला ब्रेक कधीच लागत नाहीत आणि तो पैसे देऊन दुरुस्त पण करत नाही, मीच चिडून रबरं टाकून देतो. ह्यातल्या एकाच्या पण सायकलला गिअर नाही साहेब. ह्यांना कोणी विचारलंय का की ट्रॅक पाहिजे की नको? ते मिटिंगला येत नाहीत कारण मिटिंगच्या वेळेला ते कामावर असतात.

एका पोरीचं सांगतो, नाव नाही लिहीत. दुपारी दीड-दोनला आली, उन्हाने तोंड लाल, सायकल खांद्यावर घेतल्यासारखी ओढत. मी म्हटलं काय व्हयनं व माय? बोलेना. चिमटा वाकून टायर फ्रेमच्या नळीला चिकटलेला, चाक फिरतच नव्हतं. क्लासवरून येत होती, दुकानासमोर उभ्या कारचं दार उघडलं, ही दारावर आदळून उजवीकडे रस्त्याच्या मधोमध पडली, मागून ट्रॅक्टर येत होता त्याने कचकन ब्रेक मारला म्हणून वाचली. ट्रॅक्टरवाल्याला ती ओळखत पण नाही, मी त्याला आजपण भेटलो तर चहा पाजीन. पोरगी खाली बघून म्हणे, काका, पप्पांना सांगू नका, नाहीतर सायकल बंद करतील आणि क्लास पण. मी चिमटा नवा टाकला, पैसे हप्त्याने घेतले आणि कोणाला सांगितलं नाही. आज इथे सांगतोय. ह्या भीतीने किती पोरींच्या शाळा-क्लास सुटले असतील त्याची बातमी पेपरात चार ओळींची पण येत नाही.

आता हे उलट बाजूने बघा. ज्यांच्याकडे पैसा आहे ते आईबाप काय करतात? सायकल धोक्याची म्हणून नववी-दहावीच्या पोराला स्कूटी देतात. लायसन नाही, पाय टेकत नाहीत, मागे दोन मित्र. म्हणजे एका पोराचा धोका कमी करायला तीन पोरांचा वाढवला. २०१९ ला मोटार वाहन कायद्यात बदल होऊन अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे, हे मी कोणालाही गाडी दुरुस्तीला आणली की सांगतो, ते हसतात. पण मला त्यांचा राग पण येत नाही पूर्ण, कारण दिलेल्या रस्त्यावर सायकल चालवणं खरंच अवघड आहे. मी स्वतः सायकलवाला, माझ्या पुतण्याला मी हायवे ओलांडून सायकलवर पाठवत नाही.

आणि हे फक्त सायकलचं नाही. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्ता अपघातात १,६८,४९१ माणसं गेली असं केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो, त्यातले जवळपास निम्मे, म्हणजे ४४.५ टक्के, दुचाकीवरचे, आणि १९.५ टक्के तर नुसते पायी चालणारे. पायी चालणारा काय चुकतो हो? रस्त्याने चालतो एवढंच, कारण फुटपाथ नसतो, असला तर त्याच्यावर डीपी असते, शोरूमच्या गाड्या असतात, आणि माझ्यासारख्याचं दुकान असतं. माझ्याकडे मी शेवटी येतोच, घाई करू नका. आमच्या कॉलनीतल्या आज्या संध्याकाळी एकवीरा मातेच्या दर्शनाला निघतात, एकमेकींचा हात धरून, आणि मागून हॉर्न वाजला की सगळी साखळीच दचकून गटारीकडे सरकते. ह्याला चालणं म्हणायचं का कसरत.

धुळं तसं सरळ रस्त्यांचं गाव. इंग्रजांच्या काळात कॅप्टन ब्रिग्ज साहेबाने बसवलं तेव्हापासून पेठेतल्या गल्ल्या आखीव, नंबरने ओळखल्या जाणाऱ्या, बाहेरगावचा माणूस गल्ली नंबर सांगितला की बरोबर पोचतो. गाव नदीच्या पलीकडे देवपुरात वाढलं, मग नकाणे, वाडीभोकर, गोंदूरकडे सुटलं, तसं ते आखीवपण गेलं. प्लॉट पडले, बंगले झाले, आधी रस्ता झाला मग पाइपलाइनीसाठी खोदला, मग गटारीसाठी खोदला, मग केबलसाठी. पण जागा आहे साहेब. पेठेत मागितलं तर जागा कुठून आणणार, तिथे आग्रा रोडवर पाय ठेवायला मिळत नाही संध्याकाळी. इथे नव्या वस्तीत रस्ते अजून रुंद आहेत, आज आखलं तर होईल, दहा वर्षांनी दोन्ही बाजूला दुकानं उभी राहिली की कोणीच माईचा लाल करू शकणार नाही.

लोक म्हणतात हे परदेशातलं फॅड. मी परदेशात गेलेलो नाही, मी सुरतला जातो. खान्देशातल्या कुठल्या घरातलं माणूस सुरतला नाही? माझी बहीण उधन्याला आहे, मेहुणे लूमवर होते. तिथे मोठ्या रस्त्यांना बीआरटीएसच्या, म्हणजे बसच्या वेगळ्या लेनच्या, बाजूने सायकल ट्रॅक केलेत, भाड्याच्या सायकलींचे स्टँड केलेत. सगळीकडे छान आहे असं नाही, काही ठिकाणी ट्रॅकवर रिक्षा लावलेल्या मी डोळ्याने बघितल्या. पण आपल्यासारख्याच माणसांच्या, आपल्यासारख्याच गरमीच्या गावात होऊ शकतं एवढं तरी कळलं. २०२० च्या लॉकडाऊननंतर केंद्राने शहरांसाठी सायकलींची एक स्पर्धाच लावली होती, रंग मारून, कोन ठेवून तात्पुरते ट्रॅक करून बघा म्हणून, त्यात निवडलेल्या शहरांत सुरत होतं आणि आपल्या महाराष्ट्रातलं नागपूर आणि पिंपरी-चिंचवड होतं. आणि २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणातच लिहिलेलं आहे की विचार गाड्यांचा नाही, माणसांच्या ये-जा करण्याचा करायचा. म्हणजे आम्ही काही नवीन मागत नाही, लिहून ठेवलेलंच मागतोय, आणि ते लिहून पण वीस वर्षं होत आली.

आता मिस्तरी म्हणून चार गोष्टी सांगतो, कारण ट्रॅक करणारा बहुतेक कधी सायकलवर बसलेला नसतो आणि नंतर तोडफोड करण्यापेक्षा आधी ऐकलेलं बरं. नुसता हिरवा-लाल रंग मारून ट्रॅक होत नाही, आठवड्याभरात त्याच्यावर कार उभ्या राहतात, मधे उंचवटा पाहिजे, कठडा पाहिजे. पेव्हर ब्लॉक नको म्हणजे नकोच, एक पावसाळा गेला की एक ब्लॉक खाली एक वर होतो आणि सायकल अशी खडखडते की स्पोक तुटतात, माझा धंदा होईल पण चालवणाऱ्याचं कंबरडं मोडेल. डांबर करा नाहीतर एकसारखं काँक्रिट. रुंदी दोन मीटर तरी ठेवा, कारण दोन बाजूला कॅन लावलेल्या दूधवाल्याच्या बाजूने शाळेची पोरगी पुढे गेली पाहिजे. गटारीच्या लोखंडी जाळ्या, ह्या तर मी हात जोडून सांगतो, पट्ट्या रस्त्याच्या लांबीत बसवतात, पातळ टायर बरोबर त्या फटीत जातो आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो, ती जाळी फक्त फिरवून आडवी बसवायची आहे, एक रुपया जास्त लागत नाही. मी आमच्या इथली एक जाळी पहारीने स्वतः फिरवली, रात्री, शेजारच्या पोराला टॉर्च धरायला लावून. बेकायदेशीर असेल तर असू दे.

आणि स्पीडब्रेकर. आपल्याकडे कोणाच्या घरासमोर अपघात झाला की रातोरात स्पीडब्रेकर येतो, मेलेली म्हैस आडवी पडल्यासारखा, ना पट्टे ना बोर्ड. त्याचं पण माप ठरलेलं आहे, इंडियन रोड काँग्रेसचं, १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोल चढाचा, म्हणजे गाडी हळू होते पण पोटातलं पाणी हलत नाही. तसा करा. शाळेसमोर तर क्रॉसिंगच वर उचलून फुटपाथच्या लेव्हलला आणा, म्हणजे गाडीला चढावं लागेल आणि पोरांना उतरावं लागणार नाही, आत्ता सगळं उलटं आहे. आणि तिथे वेग ताशी ३०. जास्त कशाला, साधं गणित आहे, वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, तीसवर आपटलेल्या पोराचा हात मोडतो, साठवर काय होतं ते मला लिहवत नाही. २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोमला जगभरच्या मंत्र्यांची परिषद झाली तिच्या जाहीरनाम्यात पण हेच आहे की जिथे पायी माणसं, सायकली आणि गाड्या एकत्र येतात तिथे ३० च्या वर नको. कॉलनीच्या रस्त्यावर तीसने गेलं तर घरी पोचायला किती उशीर होतो? तेवढ्यात एक सुपारी पण चावून होत नाही.

ऊन. हे पण लोक म्हणतात, आपल्याकडे मे महिन्यात ४३-४४ ला कोण सायकल चालवणार. चालवतात की, ज्यांना पर्याय नाही ते चालवतात, उपरणं भिजवून डोक्याला बांधून. बाकी धुळ्याचं निम्मं कामकाज सकाळी सहा-साडेसहाला सुरू होतं, उन्हाळ्यात शाळा पण सकाळच्या. आणि ऊन लागतं म्हणून ट्रॅक नको असं नाही, ऊन लागतं म्हणून निंब लावा. निंबासारखं झाड नाही आपल्या हवेला, पाणी मागत नाही, ढोर खात नाही, पाच-सात वर्षांत सावली देतं. ट्रॅक आणि रस्ता ह्यांच्या मधल्या पट्टीत निंब लावले तर कठडा तोच आणि सावली तीच. फक्त दरवर्षी त्याच खड्ड्यात नवीन रोप लावून फोटो काढू नका एवढी विनंती.

आता विरोध कोणाचा होता ते मी लपवत नाही, कारण सुरुवातीला त्यात मी पण होतो. मारुतीच्या पारावर पहिली बैठक झाली तेव्हा आम्ही दुकानदार एका बाजूला बसलो होतो. आमचं म्हणणं एकच, आमना धंदानं काय? ट्रॅक झाला, गाड्या लावायला जागा राहिली नाही तर गिऱ्हाईक थांबेल कशाला. किराणावाला बोलला, मेडिकलवाला बोलला, चहावाला तर उभा राहून बोलला. समोरून एक ताई, शाळेत शिकवतात, त्यांनी शांतपणे विचारलं की तुमच्या दुकानासमोर आत्ता ज्या कार उभ्या आहेत त्या गिऱ्हाइकांच्या आहेत का? आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं. एक मेडिकलवाल्याची स्वतःची. एक समोरच्या अपार्टमेंटमधल्याची, कव्हर घातलेली, टायरमधली हवा गेलेली, ती तिथे दिवाळीपासून उभी होती, मलाच माहिती कारण हवा भरायला बोलावलं होतं. एक कोणाची ते कोणालाच माहिती नव्हतं. हशा झाला. गिऱ्हाईक पायी येतं, सायकलवर येतं, मोटरसायकलवर येतं, आणि एका कारच्या जागेत सात-आठ सायकली सहज लागतात, हे मला मिस्तरी असून त्या दिवशी कळलं म्हणजे बघा.

तरी चहावाल्याचा मुद्दा खरा होता आणि तो मी मुद्दाम लिहितो. त्याची हातगाडी आहे, दुकान नाही. ट्रॅकच्या नावाने सगळ्यात आधी कोण उचललं जातं तर हातगाडीवाला, बंगल्याचा जिना रस्त्यावर आलेला तसाच राहतो. २०१४ चा फेरीवाल्यांचा कायदा आहे, त्यांना जागा नेमून द्यायची जबाबदारी आहे. तेव्हा आमच्या निवेदनात ते स्पष्ट टाकलंय की भाजीवाल्या बाया, चहावाला, चांभार ह्यांना आधी जागा द्या मग ट्रॅकची लाइन मारा. ह्या एका ओळीवर पाराच्या बैठकीत दीड तास भांडण झालं. काही बंगलेवाल्यांनी सही केली नाही. नको करू देत.

ह्या सगळ्यात मला सगळ्यात पटलं ते एका आबांचं. साक्री तालुक्यातले, पांझरा नदीकाठच्या गावचे, मुलाकडे राहायला आलेत, पारावर कोपऱ्यात बसले होते, काही बोलत नव्हते. कोणीतरी म्हटलं ट्रॅक होईल पण सांभाळणार कोण, सहा महिन्यांत तिथे वाळूचे ढीग आणि गणपतीचे मांडव. तेव्हा आबा म्हणे, पाट काय कोना एकना ऱ्हास का? म्हणजे पाण्याचा पाट काय कोणा एकट्याचा असतो का? मग त्यांनी फडाचं सांगितलं. आपल्या पांझरेवर बंधारे घालून फडाची बागायत शेकडो वर्षं चाललीय, पुढच्या पिढीला नाव पण माहिती नाही. गावच्या जमिनीचे फड पाडलेले, प्रत्येक फडात एकच पीक, प्रत्येकाचं थोडं थोडं वावर जवळजवळ प्रत्येक फडात. पाणी कमी झालं की एखादा फड सगळ्यांनी मिळून पडीक ठेवायचा, म्हणजे तोटा एकट्याचा होत नाही, सगळ्यांचा थोडा थोडा होतो. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या, पाटातला गाळ काढायला मात्र घरटी माणूस. वरच्याने पाट अडवला तर खालचा सुकतो हे सगळ्यांना माहिती असतं म्हणून कोणी अडवत नाही, अडवला तर गाव विचारतं.

आबांचं बोलणं संपलं तेव्हा चहावाला पण गप्प होता. सायकल ट्रॅक पाटासारखाच आहे की हो. मधे एका माणसाने खडीचा ढीग टाकला तर मागचा सगळा ट्रॅक बिनकामाचा, पोरगी त्या ढिगाला वळसा घालायला पुन्हा गाड्यांमधे उतरणार. पुण्यात पण बरेच ट्रॅक असेच तुटक तुटक झाले, मधेच झाड, मधेच बस स्टॉप, मग कोणी वापरत नाही, मग म्हणायचं बघा कोणी वापरत नाही. म्हणून आमच्या इथे असं ठरलंय, लेखी नाही पण तोंडी ठरलंय, की प्रत्येक गल्लीने आपल्यासमोरचा तुकडा राखायचा, बांधकामाचं सामान ट्रॅकवर टाकायचं नाही, आणि लग्नाचा, दहाव्याचा, गणपतीचा, कुठलाच मांडव ट्रॅकवर घालायचा नाही. शेवटच्या मुद्द्यावर मंडळाची पोरं कुरकुरली. मग त्यातलाच एक जण म्हणे मांडव मागच्या ओपन स्पेसमधे घेऊ, तिथे डीजेला पण जागा जास्त आहे. ट्रॅक मिळणार असेल तर डीजे सहन करू, काय करता.

माझ्या वडिलांचं सायकली भाड्याने द्यायचं दुकान होतं. ऐंशीच्या दशकात तासाला ५० पैसे, वहीत नाव, सायकलचा नंबर, वेळ, आणि कोण ओळखतो त्याचं नाव. सुट्टीत पोरांची रांग लागायची, छोटी सायकल मिळाली नाही की मोठीवरच कैची मारत शिकायचे, नळीच्या खालून पाय घालून, सगळं शरीर वाकडं. मी पण तसाच शिकलो, ह्याच रस्त्यावर, तेव्हा इथे वावरं होती आणि दिवसाला दोन-तीन ट्रक जायचे. तेव्हाचे दिवस परत आणा असं मी म्हणत नाही, तेव्हा डास पण भरपूर होते आणि लाइट पण जायची. पण परवा एक आजोबा नातवाला घेऊन आले, छोटी सायकल घेतलेली, बाजूच्या छोट्या चाकांसकट, नातू खूश. मी विचारलं शिकवणार कुठे? म्हणे गच्चीवर.

आता माझं. माझ्या दुकानाची पत्र्याची शेड रस्त्यावर आलेली आहे. चार फूट वडिलांनी पुढे घेतली होती आणि तीन फूट मी, म्हणजे सात, आणि त्याच्या पुढे मी दुरुस्तीला आलेल्या गाड्या लावतो ते धरलं तर विचारूच नका. पायी जाणाऱ्या आज्या माझ्या शेडला वळसा घालूनच रस्त्यावर उतरतात. आम्ही टेप लावून मोजलं तेव्हा ट्रॅकची लाइन बरोबर माझ्या पाण्याच्या टबातून जात होती, ज्यात मी ट्यूब बुडवून पंक्चर शोधतो तो टब. सगळे माझ्याकडे बघायला लागले. निवेदनावर पहिली सही माझी आहे त्यामुळे मला बोलायला तोंड नव्हतं. ह्या रविवारी वेल्डिंगवाल्याला बोलावलंय, पुढचे दोन खांब कापून शेड मागे घेतोय, आदेश यायची वाट बघत नाही. पत्रे चांगले आहेत, फक्त एक गंजलाय. टब आत मोरीजवळ ठेवीन, जरा अंधार आहे तिथे, बुडबुडे दिसायला बल्ब लावावा लागेल.

आपला,
एक सायकल मिस्तरी,
देवपूर, धुळे